एकट्या ज्वारीवरची पाखरं

लातूरला क्लाससाठी आले तेव्हा आमच्या खाणावळीत उरलेल्या पोळ्यांचं टोपलं रोज नालीत रिकामं व्हायचं. त्या पोळ्यांचा गहू दुसऱ्या राज्यातून यायचा. आणि तासाभरावर, भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावात, माझी मामी म्हैस विकायला निघाली होती. शिवारात ज्वारी बंद झालेली, सगळीकडे हरभरा. कडबा आणायचा कुठून?

चळवळीची पत्रकं वाचत, वाटत वाढलेली मी. एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूला वर्तुळ काढलं: मामीची ज्वारी खाणावळीला, कडबा आणि उरलेलं अन्न म्हशीला, शेण परत रानाला. खाणावळवाल्या मावशी आठवड्यातून तीन दिवस भाकरी द्यायला तयार झाल्या. मग मामीकडे गेले.

तिनं कागद नीट पाहिला. "ह्यात पाखरं कुठं हायत?"

"पाखरं अशी किती खातील, मामी?"

"समद्यांची ज्वारी असली की वाटून खातात. एकटीची असली की समदी माझ्याच रानात."

"आधी मधे खाणाऱ्या व्यापाऱ्याला उडवू, मग पाखरांना."

"हाव, तुझ्या भाषणानंच उडतील ती," ती हसली. आणि तिनं दोन एकर पेरली.

संक्रांतीनंतर दाणा भरू लागला आणि पाखरं आली, जुन्या गावातून. तिथं ढिगाऱ्यांवर वेड्या बाभळी माजल्यात, त्यांत त्यांची वस्ती. त्याच ढिगाऱ्यांखाली मामीची पहिली लेक गेली होती. तेव्हापासून मामी रानात जेवायला बसली तरी तिकडे पाठ करून बसायची. आता महिनाभर, दिवस उगवल्यापासून, राखणीच्या माळ्यावर उभी राहून तिला तिकडेच तोंड करावं लागलं. गोफणीतला दगड सुटला की ती डोळे मिटायची. तो कुठं पडतो ते तिला बघायचं नव्हतं.

रविवारी मी जाऊन पत्र्याचा डबा बडवायचे.

काढणीला कणसं हातात हलकी लागली. खाणावळीसाठी जेमतेम एक पोतं निघालं. कडबा तेवढा भरपूर झाला.

"म्हशीचं भागलं," मामी म्हणाली. "पुढल्या साली हरभरा."

"आणखी चार घरांनी पेरली तर पाखरं वाटली जातील, मामी."

"मग आधी त्या चार घरी जायचं व्हतं. माझ्याकडंच का आलीस?"

ती मला नाही म्हणणार नाही, हे ठाऊक होतं म्हणून. मी कडब्याच्या पेंढ्या बांधत राहिले.