कुठल्या दंडात घेतलीस?

फ्लूची साथ जोरात होती, त्याच महिन्यात दादाला नात झाली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. वय अडुसष्ट. कल्याणजवळ मोहन्याच्या कारखान्यात कामाला होता. कारखाना बंद झाला तरी तो तिथेच राहिला, आणि वहिनी गेल्यापासून एकटाच. मुलगा-सून बंगळूरला. बारशाला आम्ही दोघांनी विमानाने जायचं ठरलं. दादा विमानात कधी बसलेला नव्हता.

मी ठाण्याला नौपाड्यात राहते. तीस वर्षं एका लॅबमध्ये रक्त तपासलं. माणूस काय सांगतो त्यापेक्षा नळीत काय दिसतं यावर माझा भरवसा. घरचे मला संशयी म्हणतात, आणि ते खोटं नाही.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवसांत रोज काहीतरी यायचं. विमानात एक जण शिंकला की सगळे आजारी पडतात. कापूर हुंगला की विषाणू मरतो. पाठवणाऱ्या बाईंना मी जिन्यात गाठून विचारलं, "हे कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या, "आलं होतं, मी पुढे पाठवलं." मी ग्रुप बंद करून ठेवला आणि आमच्या डॉक्टरांकडे गेले.

ते म्हणाले, "विमानातली हवा गाळून येते, तिचा एवढा धसका घेऊ नका. जवळ बसलेल्या माणसाला जपा, आणि रांगेत मास्क काढू नका. लस आजच घ्या, तिचा गुण यायला दोन आठवडे लागतात. आणि घरात तान्हं बाळ आहे. दोघांपैकी कोणालाही ताप आला तर जायचं नाही."

मी तिथेच लस टोचून घेतली आणि दादाला फोन केला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "घेतली गं. कल्याणला गेलेलो."

"दंड दुखतोय का?"

"थोडा."

"कुठला?"

"डावा."

पुढच्या आठवड्यात मी सहज म्हणून पुन्हा विचारलं, "कुठल्या दंडात घेतली होतीस रे?"

"उजव्या. किती वेळा विचारशील?"

माणूस विसरतो, असं स्वतःला सांगितलं. पण ते मनातून जाईना.

निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे मुक्कामाला आला. चेहरा ओढलेला वाटला. म्हणाला, रिक्षा मिळाली नाही, फार चालावं लागलं. सकाळी आम्ही टॅक्सीने विमानतळावर गेलो. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू मोठ्या बॅगेत होते, ती काउंटरवर दिली.

आत गेटजवळच्या खुर्च्यांवर बसल्यावर माझं लक्ष समोरच्या माणसाकडे गेलं. पन्नाशीचा असेल. मास्क हनुवटीवर ओढून खोकत होता, मग त्याच हाताने फोन धरत होता. मी दादाला उठवून तीन रांगा मागे नेलं. तो माणूस पाणी प्यायला उठला की मी बघायची, परत आला की बघायची. एकदा आमची नजरानजर झाली, तेव्हा त्याने मास्क वर घेतला. त्याला काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही.

मी चहा आणायला निघाले. दादा म्हणाला, "मला नको."

दादा चहाला नको म्हणत नाही. वहिनीच्या दहाव्यालासुद्धा म्हणाला नव्हता. मी परत येऊन त्याच्या मनगटाला हात लावला. चटका बसला.

"ताप आहे तुला."

"एसीत बसलं की अंग उलट गरम लागतं."

"दादा, सकाळी गोळी घेतलीस का?"

तो विमानांच्या वेळांच्या बोर्डाकडे बघत राहिला. "एक घेतली. अंग दुखत होतं."

"आणि काल?"

"काल पण."

पर्समधून थर्मामीटर काढून मी त्याच्या काखेत धरायला लावला. लोक बघत होते. एकशे एक.

"लस घेतलीच नाहीस ना?"

"गेलेलो गं दवाखान्यापर्यंत," तो हळू आवाजात म्हणाला. "तिथे एक जण बोलला, सुई घेतली की ताप येतो. म्हटलं, ताप आला तर तू मला नेणार नाहीस. आणि कालपासून हे असं. लांबूनच बघतो तिला. उचलणार नाही. अगं, आलोय इथपर्यंत."

क्षणभर वाटलं, मास्क घालून नेऊ, तिथे वेगळ्या खोलीत ठेवू. मग ती तान्ही पोर डोळ्यांसमोर आली, आणि शेजारच्या खुर्चीवर पेंगणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई. मी उठून गेटवरच्या मुलीला सांगितलं, "आम्ही जात नाही. माझ्या भावाला ताप आहे." ती दोन पावलं मागे सरकली आणि मग फोन लावला. बॅग उतरवून मिळेपर्यंत तास गेला.

ठाण्याला येताना टॅक्सीच्या काचा खाली केल्या होत्या. ड्रायव्हरला आधीच सांगितलं होतं, तोही मास्क लावून होता. दादा बाहेर बघत म्हणाला, "तुला लहानपणापासून माझं काहीच खरं वाटत नाही." ते मला लागलं.

डॉक्टरांनी नमुना घेतला. फ्लूच निघाला. वय बघून त्यांनी लगेच औषध सुरू केलं. मी दादाला मागच्या खोलीत ठेवलं, ताट दाराशी ठेवायची. दुसऱ्या रात्री त्याला धाप लागली तेव्हा मी फार घाबरले. दवाखान्यात दोन दिवस ठेवावं लागलं. मला स्वतःला काही झालं नाही. लशीमुळे की नशिबाने, ते मी सांगू शकत नाही.

भाच्याला मी सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, बाबांना ओरडू नकोस." बारसं आम्ही फोनवर पाहिलं. दादा इस्त्रीचा सदरा घालून खाटेवर बसला होता. नाव ठेवलं तेव्हा तो दोन्ही हातांनी डोळे पुसत होता. फोन मीच धरला होता, त्यामुळे मला दुसरीकडे बघता आलं नाही.

सव्वा महिन्याने आम्ही गेलो. सुनेने दारातच विचारलं, "आत्या, रागावू नका, पण आठ दिवसांत कोणाला सर्दी-ताप?" दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही. दोघांनाही नाही." तेवढ्यावर तिने विश्वास ठेवला. हात धुऊन दादा मांडी घालून खाली बसला, आणि तिने मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली. पोर झोपेतच होती. तो पाय न हलवता तासभर तसाच बसून राहिला.