जाऊबाईंनी दिवा बंद केला

माझ्या थोरल्या जाऊबाई कापडाच्या कारखान्यात तपासनीस. काचेच्या टेबलाखाली दिवा लावायचा, वरून कापड ओढायचं आणि दोष दिसला की खडूने खूण करायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. सवय घरीही सुटली नाही. माझ्या धुतलेल्या चादरी, माझ्या मुलीचं अक्षर, माझ्या माहेरची माणसं, काही म्हणून त्यांच्या खडूतून सुटायचं नाही. त्या वरच्या मजल्यावर, मी खालच्या. जिन्यात भेटलो की तोंडदेखलं हसायचो, एवढंच आमचं सख्य.

पंचेचाळिसाव्या वर्षी आंघोळ करताना माझ्या डाव्या स्तनात वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. ऑफिसात तपासणी शिबिर होतं, तिथे मॅमोग्राफी करून घेतली, पण लाजेपोटी गाठीबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हटलं, असेल तर फोटोत दिसेलच. रिपोर्ट आला : संशयास्पद काही नाही, स्तनांची घनता जास्त. पहिलं वाक्य वाचूनच माझा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात मी जाऊबाईंना गाठीसकट सगळं सांगून बसले.

त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि घनता म्हणजे काय, ते विचारलं. मला कुठे माहीत होतं?

"दाट विणीच्या कापडाला दिवा उपयोगाचा नसतो," त्या म्हणाल्या. "आत जाड धागा असला तरी दिसत नाही. तेव्हा आम्ही दिवा बंद करतो आणि तळहात फिरवतो. तुझ्या हाताला लागतंय ना? मग हा कागद ठेव बाजूला."

मी मनातून चिडले. चांगल्या बातमीतही या बाईला खोट काढायची असते! पण दुसऱ्या दिवशी त्या रजा टाकून दारात उभ्या. माझं काही चाललं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हाताने तपासलं आणि मला चांगलंच फैलावर घेतलं. गाठ लागते हे शिबिरातच सांगायला हवं होतं. फोटोत दाट भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती लपू शकते. सोनोग्राफीत ती दिसली. सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवस थांबायचं होतं. त्या आठ दिवसांत जाऊबाई रोज खाली यायच्या, माझे कपडे वाळत घालायच्या आणि कशालाच नावं ठेवायच्या नाहीत. त्यानेच मी जास्त घाबरले.

गाठ साधी निघाली. कर्करोग नव्हता. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की घनता हा आजार नव्हे, पुष्कळ बायकांत ती असते. पण तिने धोका थोडा वाढतो, म्हणून ठरल्या वेळची तपासणी चुकवायची नाही. मला रडू आवरेना. निघायला उठले, तर जाऊबाई खुर्चीतच.

"माझ्या आईचाही फोटो स्वच्छ आला होता," त्या म्हणाल्या. "गाठ हाताला लागते, असं ती सांगत होती. मीच कागद दाखवून तिला गप्प केलं."

त्यांची आई माझ्या लग्नाआधीच गेली. कशाने, ते मी कधी विचारलंही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, की तुमची स्वतःची तपासणी कधी झाली? कधीच नाही. भीती वाटते, असं जाऊबाई म्हणाल्या. वीस वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"ताई, उठा," मी म्हटलं. "आजच करून घेऊ. मी आहे ना."

त्यांचंही सगळं ठीक निघालं. आता दर वर्षी आम्ही दोघी एकाच दिवशी जातो आणि रिक्षात माझ्या माहेरच्यांवरून भांडतो. जाऊबाईंचे उपकार मी मानते, त्यांच्या तोंडावर मानते. पण त्यांच्या आईची मी जास्त ऋणी आहे. त्या माउलीला मी कधी पाहिलं नाही. तिचं कुणी ऐकलं नाही, म्हणून माझं ऐकलं गेलं.