पेन्सिल न लावलेला फोटो

तुळजापुरात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर याकूबभाईंचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या मुलीचा फोटो काढावा तर तिथंच, असं तालुक्यात सगळीकडं बोललं जाई, कारण मुलगी कशीही असो, तिथल्या फोटोत ती गोरीपान निघे. पण हे गोरेपण याकूबभाईंच्या हातचं नव्हतं. ते नीलाच्या हातचं होतं.

नीला ही तहसिलातल्या नारायणराव कारकुनांची धाकटी मुलगी. मॅट्रिक झालेली, बोलायला सरळ आणि रंगानं चांगलीच काळी. निजामाचं राज्य गेलं तशी नारायणरावांची उर्दू कचेरीत निकामी झाली. ती बोलायला गावात याकूबभाई तेवढे भेटले आणि दोघांची बसाउठी जमली. पुढं याकूबभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला, तेव्हा त्यांनी विचारलं, "नारायणराव, तुमच्या पोरीचा हात रांगोळीत लई बारीक चालतो म्हणे. निगेटिव्हवर चालंल का?"

तेव्हापासून नीला दुपारी स्टुडिओच्या खिडकीपाशी तिरक्या काचेपुढं बसू लागली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळा चेहरा तिथं काचेसारखा स्वच्छ दिसतो. त्यावर सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं ठिपके भरत जायचं. जितकी पेन्सिल जास्त, तितकी फोटोत मुलगी गोरी.

"म्हणजे गोरं करायला आधी काळं फासावं लागतं," नीला घरी सांगे.

"फास बाई," आई म्हणे, "त्या पोरींची लग्नं होऊ देत."

मुली सिनेमाच्या मासिकातली पानं घडी करून आणत. भुवया अशा करा, केसांची बट अशी सोडा. रंगाचं कुणी सांगतच नसे, ते गृहीतच धरलेलं असे. एकदा एका मुलीची आई याकूबभाईंकडं बघून नीलाला हळूच म्हणाली, "हा हबशी स्वतः एवढा काळा. आमच्या पोरीला गोरी कशी करणार गं?"

"त्यांना ऐकू येतं, मावशी."

याकूबभाई कॅमेऱ्याच्या फडक्यात डोकं घालून होते. तिथूनच म्हणाले, "स्वतःवर खर्च नाही केला, बाई. सगळं गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलंय."

त्यांच्या आजोबांना आफ्रिकेतून आणून निजामाच्या घोडदळात घातलं होतं. बाप घोडदळात, हे हैदराबादेत जन्मलेले. घोडदळ मोडलं तशी ते कॅमेरा घेऊन इकडं आले. तरी कुणीही विचारायचं, "तुम्ही कुठले?" "हैदराबादचा," म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "ते झालं, पण मूळचे?"

नीलाला दोन ठिकाणांहून नकार आला होता. दोन्हीकडच्यांनी रंगाचं नाव काढलं नाही, पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. तिसरं स्थळ मोठ्या काकांनी, अण्णांनी आणलं. मुरुमच्या शाळेतले मास्तर, नाव गोपाळकृष्ण. घरात आई तेवढी.

"बुधवारी मी उमरग्याला चाललोय, तसाच मुरुमला जाईन, फोटो तयार ठेवा," अण्णा म्हणाले. "आणि नीले, हातातली कला सगळी लोकांवरच खर्चू नको. दोन दिवस स्वतःच्या फोटोवर बस. हे नाही जमलं तर मग येडशीचा तो बिजवर आहे, दोन लेकरांचा. मी तरी कुठवर फिरू?"

नारायणरावांनीही मान डोलावली.

फोटोला बसवताना याकूबभाईंनी नेहमीचा समोरचा दिवा लावला, नीलाकडं बघितलं आणि विझवला. खणातून त्यांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. आफ्रिकेतला कुठला तरी देश नुकताच स्वतंत्र झाला होता, त्या दिवशीच्या गर्दीचा फोटो होता.

"काय दिसतं, बेटी?"

नीलानं निरखून बघितलं. पांढरे कपडे दिसत होते, हात वर केलेले दिसत होते. चेहऱ्यांच्या जागी काळे डाग.

"चेहरे दिसत नाहीत, चाचा."

"एवढा खुशीचा दिवस, आणि एकाचंबी तोंड दिसंना. चेहरे तर होतेच की. काढणाऱ्याला, छापणाऱ्याला गोऱ्यांचेच चेहरे काढायची सवय." त्यांनी कात्रण घडी केलं. "म्या माझ्या आईचे फोटो काढत शिकलो. काळ्या चेहऱ्याला उजेड कडेनं द्यावा लागतो. मग तो गालावर बसतो."

"मग एवढी वर्षं आपण पेन्सिल का लावतो?"

"पोटासाठी," ते म्हणाले. "झूट कशाला बोलू?"

त्यांनी खिडकी अर्धी उघडली, नीलाला कडेनं बसवलं आणि फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी नीलानं स्वतःची निगेटिव्ह काचेवर ठेवली. पेन्सिलीला टोक केलं. तिसऱ्या नकाराची तिला खरोखर भीती वाटत होती, येडशीच्या बिजवराची त्याहून जास्त. तरी हात पुढं जाईना. सकाळीच ती देवीच्या दर्शनाला जाऊन आली होती. लहानपणापासून रोज ती त्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीसमोर हात जोडत होती, पण मूर्तीचा रंग म्हणून कधी बघितलाच नव्हता. डोळे आधी दिसत, पुढचं बघायचं राहूनच जाई. निगेटिव्हमधले स्वतःचे डोळे तिनं पुन्हा बघितले आणि पेन्सिल खाली ठेवली.

फोटो बघून अण्णांचा पारा चढला. "हे काय गं? काळीच दिसतीयस की."

"मी आहे तेवढीच दिसतीय, अण्णा."

नारायणरावांनी फोटो हातात घेऊन निरखला. "असाच जाऊ द्या, दादा," ते म्हणाले. "आपली नीला आहे ही."

पंधरा दिवसांनी मुरुमची मंडळी बघायला आली. मास्तरांच्या आई, कमलबाई, पोह्यांना हात न लावता फोटो घेऊन उठल्या. नीलाला उजेडात दारापाशी नेलं. एकदा फोटो बघितला, एकदा तिला, पुन्हा फोटो.

"तशीच आहे की रे ही," त्या लेकाला म्हणाल्या. मग नारायणरावांकडं वळल्या. "राग मानू नका. या स्टुडिओच्या शिक्क्याचे तीन फोटो आमच्याकडं आधी आले. तिन्ही मुली चांदण्यासारख्या. जाऊन बघितल्या तर तिन्ही वेगळ्याच. आमचा विश्वास उडाला आणि तिन्हीकडं नाही म्हणून आलो. म्हणून निघताना म्हटलं, हिचा फोटोच एवढा काळा, तर पोरगी दिवा लावून शोधावी लागंल."

अण्णांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. आता गप्प बसलं की झालं, एवढंच काम होतं. पण नीलाच्या डोळ्यांपुढं त्या तीन मुली उभ्या राहिल्या. तिघींच्या चेहऱ्यावर तिनं मन लावून ठिपके भरले होते.

"ते तिन्ही फोटो मीच उजळ केले होते," ती म्हणाली. "माझ्यामुळं तिघींना नकार गेला, हे मला आज कळलं."

अण्णांनी डोळे मिटून घेतले.

कमलबाईंनी हातातला फोटो तिच्यापुढं धरला. "मग स्वतःचाच का सोडलास?"

"सोडला नसता तर तुमची चौथी फेरी फुकट गेली असती."

मास्तर हसले. "आई, फोटो आला तेव्हाच तुला म्हटलं होतं. ही बाई बघणाऱ्याकडं सरळ बघतीय."

"बघू दे सरळ. आपल्या घरात कुणी बघत नाही तसं," कमलबाई म्हणाल्या आणि पोह्यांची बशी पुढं ओढली.

वैशाखात लग्न झालं. त्याआधी नीलानं याकूबभाईंना सांगून टाकलं की इथून पुढं ती पुटकुळ्या, व्रण भरंल, पण रंगाला हात लावणार नाही. "धंदा बसंल, बेटी," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "बसू दे थोडा. त्या दिव्यांच्या जागा तरी बदलून बघू." दोन-चार गिऱ्हाइकं तुटलीही. पण एसटीच्या कंडक्टरबरोबर निगेटिव्हचा डबा मुरुमला येत-जात राहिला.

दिवाळीला याकूबभाई कॅमेरा घेऊन मुरुमला आले, तेव्हा कमलबाईही हौसेनं फोटोला बसल्या. डबा आला तशा त्या सुनेशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"रंगाला हात लावू नकोस हं. हनुवटीवरची चामखीळ मात्र तेवढी काढ."

"आई, लोकांना फसवायचं?"

"आता मला कोण बघायला येतंय?" कमलबाई म्हणाल्या. "मला एकदा ती नसताना स्वतःला बघायचंय."

नीलानं पेन्सिलीला टोक केलं.