पाचवा बार

दुष्काळात विहिरी खोल करायला आम्हा दोघांना लांबलांबून बोलावणं येई. म्हणजे वस्तादला येई. मी आपला त्याच्यामागं. तो खाली उतरून सुरुंगांच्या वाती पेटवायचा. विहिरीतला दगड वर ओढणाऱ्या यारीनं मी त्याला वर घ्यायचो आणि काठावर बसून बार मोजायचो. एवढंच माझं शौर्य. दोन लेकरांचा बाप झालो, पण वात कधी पेटवली नव्हती.

चौसाळ्याजवळ एका गावात दूध सोसायटीच्या विहिरीचं काम चाललं होतं. वस्तादचा उजवा हात मोडून गळ्यात आलेला. तो म्हणाला, "आज तू उतर बे. यारी मी एका हातानं बघतो."

उतरलो. पाच वाती पेटवल्या आणि जीव मुठीत धरून वर आलो. बार उडाले. एक, दोन, तीन, चार. मग काहीच नाही.

आमच्यात रीत आहे, ज्यानं वात लावली त्यानंच न उडालेला बार बघायचा. तास-दीड तास थांबलो. तेवढ्यात वस्तादनं सोसायटीतल्या बाईकडून टँकरच्या पाण्याची घागर मागून आणली. सुरुंगाच्या भोकातली दारू भिजली की बार मेला. प्यायला पाणी नसलेल्या गावात ती घागर मांडीवर घेऊन मी यारीच्या बादलीत बसलो. बादलीच्या प्रत्येक हिसक्याला घागरीलाच मिठी मारत होतो, त्यात निम्मं पाणी विजारीवर सांडलं. वरून खडा पडला तरी डोळे मिटत होतो.

कोपऱ्यात दगडांखाली पाचवी वात सापडली. बोटभर जळून विझलेली, चिरडलेली. पळायच्या घाईत मीच तिच्यावर पाय दिला होता. राहिलेलं पाणी भोकात ओतलं आणि ओरडलो, "वस्ताद, वढा."

वर आलो तर वस्ताद पांढराफटक. यारीच्या ब्रेकवरची त्याची बोटं मलाच सोडवावी लागली.

"वर थांबणं लई अवघड हाय," तो म्हणाला. "तू कसा थांबतोस बे रोज?"

मला त्याची काळजी कधी वाटलीच नव्हती. तो वस्ताद होता, त्याला काय होतंय.

दुसऱ्या दिवशी तो मोडक्या हातानिशी स्वतःच बादलीत बसला. अडवायला पाहिजे होतं. मी मुकाट्यानं ब्रेक धरला.