बाहीवरचं भोक

मावशी रोज सकाळी रफूच्या छोट्या कात्रीनं स्ट्रिपमधून एका गोळीचा चौकोन कापायची, गोळी पाण्याशिवाय गिळायची आणि म्हणायची, "चला, हजेरी लागली." मग चहा.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. काका गेले तेव्हा ती तीन महिने अंथरुणातून उठली नव्हती. गोळीनं तिला उठवलं, हे खरंच. डॉक्टरांनी ती सहा महिन्यांसाठी लिहून दिली होती. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी दुसरे आले, मग तिसरे. प्रत्येकानं जुन्या कागदावरून नवा कागद लिहिला. अकरा वर्षं झाली. मावशीनं विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, मागच्या खोलीत, ती रफू करायची. तिथे माणसं पाच आणि त्यातल्या तिघांना तीच गोळी. कुणाची संपली तर "एक उसनी दे गं" म्हणून सुई मागावी तशी मागायचे. इस्त्रीवाल्याला सगळे वाफोबा म्हणत. तो म्हणायचा, "कपड्यांचं सोडा, इथे माणसांवरच सुरकुती नाही." सगळे हसायचे. मावशीही.

कामाची तिची एक रीत होती. कपड्याला टाचलेल्या चिठ्ठीत असेल ते करायचंच, पण हाताला दुसरं भोक लागलं तर तेही न सांगता बुजवून द्यायचं. आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे काढायचे, उभे-आडवे एकेक विणत जायचं. मग भिंग लावलं तरी जागा सापडत नसे.

एकदा एक जुना लोकरी कोट आला. चिठ्ठीवर एकच शब्द: अस्तर. मावशीनं अस्तर बदललं आणि डाव्या बाहीवरचं सिगारेटनं जळलेलं भोकही बुजवलं.

कोट न्यायला आलेल्या बाईंनी काउंटरवरच बाही चाचपली. उलटी केली, सुलटी केली.

"भोक कुठंय?"

"बुजवलं. त्याचं वेगळं काही द्यायचं नाही," मावशी खुशीत म्हणाली.

"अहो, कुणी सांगितलं होतं? हे गेल्यापासून रोज त्यात बोट घालून बसते मी!" आणि बाई तिथेच, लोकांसमोर, हुंदके देऊन रडायला लागल्या.

संध्याकाळी मावशी आमच्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत.

"ती एवढी रडली आणि मला काही म्हणता काही झालं नाही. मी आपली तिची पावती शोधत होते. ताई, ह्यांच्यासाठी तरी मी कधी रडले? आठव बघू."

आईनं गॅस बारीक केला.

"या गोळीखाली मी आहे की नाही, एवढं मला बघायचंय."

"आणि परत अंथरूण धरलंस तर? तेव्हा तुला भरवत कोण होतं?"

"तू. दर घासाला एक शिवी."

मावशीनं तो कोट बाईंकडून परत मागून घरी आणला आणि दोन दिवस बसून स्वतःची रफू धाग्याधाग्यानं उसवली. बाईंनी बोट घालून पाहिलं. "जरा सैल झालंय."

"बोट बारीक झालं असेल," मावशी म्हणाली. बाई डोळे पुसतापुसता हसल्या.

गोळी ती दुसऱ्याच दिवशी फेकून देणार होती. आईनं तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या. मूळ मुदत ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "एकदम सोडायची नाही. हळूहळू उतरवू. झेपलं नाही तर परत वाढवू, त्यात हरलं-बिरलं काही नाही."

आता कात्री गोळीचे तुकडे करायला लागली. आधी अर्धी, काही महिन्यांनी पाव. मावशीला बसवेना. डोक्यात चमका यायच्या. ती दोन स्टॉप आधीच बसमधून उतरून चालत सुटायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची, वाफोबावर खेकसायची, माझ्यावरही. आई रोज सकाळी सातला फोन करायची. मावशीनं "उठलेय गं बाई" म्हटलं की ठेवून द्यायची.

एका सकाळी फोन उचलला नाही. दोनदा, तीनदा. आई पायात दोन वेगवेगळ्या चपला अडकवून निघाली, मागे मी. दार नुसतं लोटलेलं होतं.

मावशी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. मांडीवर काकांचा स्वेटर, तोंड उघडं, आणि ती मोठ्यानं, बेसूर, लहान मुलासारखी रडत होती. आईनं चौकट धरली. मी फोन काढून डॉक्टरांचा नंबर शोधायला लागले.

मावशीनं स्वेटरच्या बाहीनं नाक पुसलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"उठलेय गं बाई, कधीची उठलेय. अशा बघत काय उभ्या राहिलात दोघी? भाजी करपतेय, आधी तो गॅस बंद करा."