मोरीखालचं पिंप

त्या दुष्काळात आमच्या गावाला चौथ्या दिवशी टँकर यायचा आणि आमच्या संडासात गोवऱ्या रचलेल्या असायच्या. ओतायला पाणीच नव्हतं. आई गुडघ्यांनी अधू. ओढ्यापर्यंतची फेरी टळावी म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे. चहासुद्धा अर्धा कप.

केजच्या वाचनालयातून मी आणलेल्या एका मासिकात जपानी संडासाचं चित्र होतं. टाकीच्या झाकणावरच नळ आणि छोटं बेसिन. हात धुतले की तेच पाणी टाकीत उतरतं आणि पुढच्या वेळी ओतायला होतं. वडील दूध संस्थेचे सचिव. कॅन विसळलेलं पाणीही म्हशीला पाजणारे. स्थळाचा फोटो बघावा तसं त्यांनी ते चित्र न्याहाळलं.

आठवड्याभरात गोवऱ्या हलल्या. संडासात उंचावर पिंप चढलं, त्यावर भोक पाडलेली परात बसली. उद्घाटनाचा मान आईला.

बाहेर येताना ती छातीइतक्या उंच परातीकडे बघत थांबली.

"हात धुतले. आता पाय कुठं धू? वर टाकू का?"

जपानी माणूस संडासातून आल्यावर पाय धूत नाही, हे मासिकानं लिहिलंच नव्हतं.

"त्यांच्यात न्हाई धूत वाटतं," वडील पुटपुटले.

"मंग त्यांच्यातच जाऊन ऱ्हावा तुमी."

भिंतीपलीकडून शेजारचे काका ओरडले, "सचिव, वहिनीला शिडी द्या की!"

वडिलांनी जपान उलटा केला. आमचं मागचं दार संडासापेक्षा तीन पायऱ्या उंच. दारातच मोरी बांधली, पायऱ्यांशेजारी खाली पिंप ठेवलं. हातपाय, आंघोळ, सगळं मोरीत. तिथून पाणी फडक्यातून गाळून पिंपात, आणि पिंपाच्या तोटीतून संडासाच्या डब्यात. तेव्हापासून आल्यागेल्याला चहाआधी पाय धुवावे लागत. पिंप अर्ध्यावर आलं की वडील रस्त्यावरच्या माणसालाही आग्रहानं बोलावत. आई पुन्हा कपभर चहा पिऊ लागली.

यंदा पुन्हा टँकर सुरू झाला आणि वडील गेले. त्या दिवशी सकाळपासून आईनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. एवढी माणसं घरात, पिंप कसं पुरेल म्हणून ती जुन्या सवयीनं तोंड बांधून बसली होती. स्मशानातून माणसं परतली ती एकामागून एक मोरीवर पाय धुऊनच आत आली. खाली पाणी सांडल्याचा आवाज झाला.

"वहिनी, पिंप भरून वाहायलंय," काका म्हणाले.

"भरलं?" आईनं मान वर केली. "मंग आण पाणी."

मी तांब्या दिला. तिनं तो रिकामा करूनच खाली ठेवला.