विरजणाची आरोळी

शेत विकलं तेव्हा अस्लाककाकाने तिथून फारसं काही आणलं नाही. भिंतीवरचं घड्याळ, लोकरीची दोन पांघरुणं आणि एक लाकडी कडं. कडं म्हणजे लाकडाचे छोटे तुकडे एकमेकांत अडकवून केलेली जाडसर माळ. बिअर फसफसू लागली की ही माळ फेसात बुडवायची, वाळवायची आणि पुढच्या खेपेपर्यंत कोरड्या जागी टांगून ठेवायची. तुकड्यांच्या फटींत यीस्ट झोपून राहतं. दह्याला विरजण, तसं हे आमच्या बिअरचं. आमच्या वोस गावात ज्याचं त्याचं आपापलं असतं, आणि दुसऱ्याचं कसं कमी प्रतीचं आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. काकाला ते त्याच्या वडिलांकडून मिळालं होतं, वडिलांना त्यांच्या वडिलांकडून.

माझ्या लहानपणी नाताळची बिअर शेतावरच्या चुलीच्या खोपटात शिजायची. तांब्याची काईल, जुनिपरच्या सुगंधी झुडपाच्या फांद्या उकळून पिवळं झालेलं पाणी, त्यात मोड आणून वाळवलेली बार्ली. वाफेत माणसांचे नुसते आवाज उरायचे. आम्ही पोरं मात्र आरोळीची वाट बघत असायचो. रस धारोष्ण दुधाइतका निवला की काका त्यात यीस्ट सोडायचा आणि त्याच क्षणी बेंबीच्या देठापासून ओरडायचा. आरोळी जितकी मोठी तितकी बिअर कडक, असं आमच्याकडे मानतात. मुकाट्याने सोडलेलं यीस्ट मुकंच राहतं. काकाची आरोळी तळं ओलांडून जायची आणि पलीकडच्या काठावरून शेजारचा एलिंग लीड उलट ओरडायचा. तो काय ओरडायचा हे आई आम्हाला नीट ऐकू द्यायची नाही.

मग काकाच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाजाच्या जागी फुंकरीसारखी कुजबुज उरली. शेत झेपेना, म्हणून काका-काकू स्टेशनजवळच्या इमारतीत राहायला आले. गुडघे गेलेला एलिंग आधीच खालच्या मजल्यावर येऊन राहिला होता. कडं दिवाणखान्यात खिळ्याला टांगलं गेलं, आणि नाताळ येत-जात राहिले तरी तिथून खाली उतरलं नाही.

"मरेल ते असं लटकून," गुनवोरकाकू म्हणायची.

"आरोळी नाही, तर बिअर नाही," काका कुजबुजायचा, आणि विषय संपायचा.

एका नोव्हेंबरात काकूने मला टेकडीवरून जुनिपरच्या फांद्या आणायला सांगितल्या. मी पोचले तर तिने जॅम करायचं मोठं पातेलं चुलीवर ठेवलेलं. एवढ्याशात बिअर होत नाही, असं काकाने हातानेच सांगितलं. शहरातली नवशिकी पोरं याहून लहान भांड्यात करतात, ती म्हणाली, आणि तू काही आता गावजेवण घालणार नाहीयेस.

सगळ्या संसारात तिने पिंपं घासली, फांद्या तोडल्या, काईलीखाली लाकडं सारली; पण यीस्टला कधी हात लावला नव्हता. त्यामुळे त्या दिवशी नवशिकी तीच होती. काका स्टुलावर बसून बोटांनी शिकवत होता. चाळणीच्या तळाशी फांद्यांचा थर, म्हणजे दाणे खाली येणार नाहीत. धार बारीक. कडवटपणासाठी हॉप्सच्या फुलांची पुरचुंडी आता सोड. रस तासन्‌तास उकळून तांबूस झाला, खिडक्या धुरकटल्या, वास जिन्यावरून खाली गेला. मी कचरा टाकायला गेले तर एलिंगचं दार उघडं होतं आणि तो दारातच खुर्ची टाकून बसला होता.

रस निवत आला. काका तपासायला वाकला, तेवढ्यात काकूने मनगटाची आतली बाजू पातेल्याला लावली आणि म्हणाली, "झालं." लग्नाआधी डोंगरावरच्या कुरणात ती गाई राखायची. धारोष्ण म्हणजे किती, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

काकाने कडं खिळ्यावरून काढलं आणि तसाच उभा राहिला.

"तू सोड, मी ओरडते," काकू म्हणाली.

त्याने नकारार्थी मान हलवली. "सोडणारा हात आणि ओरडणारा गळा एकाच माणसाचा लागतो."

"मग टांग परत. नाहीतर मला दे."

ते कडं त्या घरात बापाकडून मुलाकडे जात आलं होतं. काकाला मूल नव्हतं, आणि बाहेरून आलेल्या कुणाच्या हाती ते द्यायची वेळ कधी आली नव्हती. तो बराच वेळ कड्याच्या फटींवरून अंगठा फिरवत राहिला. पातेलं निवत चाललं होतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मग त्याने ते तिच्या ओल्या हातात ठेवलं आणि एक पाऊल मागे सरला.

काकूने कडं रसात सोडलं आणि तोंड उघडलं. आरोळी तिला कधी शिकवली नव्हती. तिच्या गळ्याला एकच ओरडणं माहीत होतं. उंच, लांबलेली, शेवटी वळण घेऊन वर चढणारी हाक, संध्याकाळी डोंगरभर पांगलेल्या गाईंना घालायची. कपाटातल्या बश्या वाजल्या.

खालून फरशीवर काठी आपटल्याचा आवाज झाला आणि त्यामागून एलिंगची आरोळी. थोड्या वेळाने धापा टाकत तो स्वतःच दारात आला.

"गुनवोर, बिअर करतेस की गाई बोलावतेस?"

"आलास ना तू?" काकू म्हणाली.

काका हसताना आवाज होत नाही. फक्त खांदे हलतात. ते हलत होते. डोळे पुसून त्याने काकूची बाही ओढली आणि काहीतरी कुजबुजला. मला ऐकू आलं नाही. काकूने एलिंगकडे पाहिलं, जरा लाजली, "खुळा आहेस" म्हणाली, आणि खिडकी उघडून तिने तीच हाक पुन्हा एकदा घातली. खाली बसच्या रांगेतली माणसं वर बघू लागली. काकू गाई राखायची त्या कुरणाखालच्या वाटेने काका तरुणपणी विनाकारण जायचा, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

सकाळी पातेल्यावर जाड फेस धरला होता. नाताळात एलिंगने पहिला घोट तोंडात घोळवला आणि हिला दुधाचा वास येतो असं जाहीर केलं. मग पेला पुढे केला.

कडं आता दिवाणखान्यात नाही. स्वयंपाकघरात झारे-डाव अडकवतात त्या पट्टीवर, काकूच्या हाताला येईल असं लटकतं. काका चहाला बसतो तेव्हा त्याची खुर्ची तिकडे तोंड करून असते.